म्हातारपण कुठून सुरू होतं?

साठीनंतरचा रक्तदाब, मधुमेह, थकलेली मूत्रपिंडं यांची कारणं आपण खाण्यापिण्यात शोधतो. ते बरोबरच आहे. पण काही धागे जन्माच्याही मागे जातात.

इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये 1911 पासून आरोग्यसेविका बाळांची वजनं वहीत टिपून ठेवत. डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या तपासल्या. जन्मतः कमी वजनाची बाळं मोठेपणी हृदयविकाराने अधिक दगावली होती.

मूत्रपिंडाचंच पाहा. रक्त गाळणारे सूक्ष्म नेफ्रॉन गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. पूर्ण दिवसांच्या बाळात पुढे एकही नवा बनत नाही. गर्भाची वाढ खुंटली तर ते कमी भरतात, मग आहेत त्यांच्यावर जन्मभर जादा भार पडतो.

आपल्या पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास. दिसायला किरकोळ, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. पुढे मधुमेहाला वाव देणारी हीच ठेवण. बऱ्याच आयांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व अपुरं होतं.

यात आईला बोल लावू नका, हे मला ठासून सांगायचंय. दिवसभर राबून सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात उरतं तरी काय? याच अभ्यासात पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळं वजनदार निघाली. आणि विहिरीवरून पाणी आणण्याचे, शेतातले कष्ट जास्त, तिथे बाळं लहान.