सोबत कोण येतंय?

लग्नाच्या पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असं हौसेनं छापलेलं असतं, आणि केटररकडे मात्र घरटी दोनच पानं धरलेली असतात. खेड्यापाड्यांत हा घोळ कमी. 'चूलबंद' आमंत्रण आलं की अख्ख्या घरानं जेवायला जायचं, 'घरटी एक' म्हटलं की एकानंच. शहरात आपण भिडेपोटी सगळंच मोघम ठेवतो.

पंगतीत दोन माणसं वाढली तर आचारी भाताचं आणखी एक आधण ठेवायचा. आता ताटावर हिशेब. आकडा आधी कळवायचा, वरच्या प्रत्येक ताटाचे पैसे वेगळे. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, सरकारनंच लग्नाला 25 माणसांची मर्यादा घातली होती. मोडली तर 50 हजारांचा दंड. तेव्हा 'मी एकटाच येऊ की दोघं?' हे विचारताना कुणाला संकोच वाटत नव्हता. आता का वाटावा?

अर्थात, प्रत्येक सोबती म्हणजे फुकटचं ताट नव्हे. गुडघे धरलेल्या मावशी शेजारणीचा हात धरूनच मांडवात येऊ शकतात. अशांना आमंत्रण देतानाच यजमानानं विचारावं, 'सोबत कोण येतंय?' एखादी भाची मित्राला घेऊन आली तर 'हा कोण?' म्हणून माना वळतात, तेवढ्या वळू नयेत. (वळतातच, हे मलाही ठाऊक आहे.)

खरी कुचंबणा होते ती त्या सोबत्याची. त्याला आणणारा आत्या-काकांच्या घोळक्यात गडप होतो आणि हा बिचारा मठ्ठ्याचा पेला हातात धरून खांबापाशी उभा. तेवढ्यात कुणीतरी आपुलकीनं विचारतं, "तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?" आता काय सांगणार? नवऱ्यामुलाचं नावसुद्धा त्यानं दारावरच्या फलकावर वाचलेलं असतं! म्हणून, ज्याला न्याल त्याला आधी यजमानांपुढे उभं करा, नावानं ओळख करून द्या आणि जेवायला आपल्या शेजारीच बसवा.

आणि कुणाला आणणार असाल तर यजमानांना फोन करा. आदल्या रात्री नको, तोवर केटररला आकडा गेलेला असतो. चार-पाच दिवस आधी करा.