मस्ट म्हणजे नुसते ‘पाहिजे’ नव्हे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



इंग्रजी व्याकरणावर बोलण्यासाठी मला उभे केले आहे. विषय ऐकताच मागच्या रांगेतील काही मंडळींना चहाची आठवण होईल, याची मला कल्पना आहे. म्हणून आधी एका पत्राची हकीकत सांगतो.

१९८२ च्या सुमारास मी कोकणातील एका गावात शिक्षक होतो. गावातील बरेच तरुण आखातात नोकरीला गेलेले. शेजारच्या एका खालांच्या मुलाचे तीन महिने पत्र नव्हते. त्यांनी कोणाकडून तरी कंपनीला लिहविले आणि उत्तर आले. नववीतील एका मुलाने ते वाचले. त्यात दोनच वाक्ये होती. ‘युवर सन मस्ट हॅव लेफ्ट फॉर दम्माम विथ द अदर्स. हिज लेटर्स मे हॅव बीन डिलेड.’ मुलाने अर्थ सांगितला, ‘तुमच्या मुलाने इथून निघून गेलेच पाहिजे.’ पुढचे वाक्य त्याला नीटसे लागले नाही. पत्रे उशिरा पाठविण्याची परवानगी आहे, असे काहीतरी तो म्हणाला. घरच्यांनी समजायचे ते समजून घेतले. नोकरी गेली! व्हिसासाठी दागिने गहाण पडलेले होते. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही.

संध्याकाळी पत्र माझ्याकडे आले. वाचणारा मुलगा माझाच विद्यार्थी होता, आणि ‘मस्ट म्हणजे पाहिजे, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शकणे’ ही यादी त्याच्या वहीत मीच लिहून दिली होती. तेव्हा चूक कोणाची, हे आपणच ठरवा.

आता असे पाहा. आपण रात्री एखाद्याच्या घरावरून जात आहात. खिडकीत दिवा आहे, दारात चपला आहेत. आपण म्हणतो, ‘घरात असले पाहिजेत.’ इथे ‘पाहिजे’ हा शब्द आहे, पण तो हुकूम आहे काय? नाही. खुणा पाहून बांधलेला तो तर्क आहे. इंग्रजीतही नेमके हेच आहे : ‘ही मस्ट बी ॲट होम.’ मराठीत आपण रोज जे बिनचूक बोलतो, ते इंग्रजीत आले की आपल्याला हुकूम वाटू लागतो, ही गंमत आहे.

दिवा नाही, चपला नाहीत, कसलीच खूण नाही. मग आपण म्हणतो, ‘असेल, कोणास ठाऊक.’ इंग्रजीत म्हणायचे ‘ही मे बी ॲट होम’, किंवा ‘माइट’, किंवा ‘कुड’. माइट आणि कुड ही रूपे भूतकाळाची दिसतात. पण इथे गोष्ट आत्ताचीच आहे. आणि दाराला बाहेरून कुलूप असेल तर? ‘घरात असणे शक्यच नाही.’ इथे विद्यार्थी हमखास ‘मस्ट नॉट’ लिहितात. आपण शिकतो त्या ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘ही कान्ट बी ॲट होम’ म्हणतात. ‘ही मे नॉट बी ॲट होम’ म्हटले तर अर्थ फक्त ‘कदाचित नसेल’ एवढाच होतो. कुलूप डोळ्यांनी पाहिल्यावर इतके सावध बोलण्याचे कारण नाही.

आणखी एक खड्डा आपल्या भाषेनेच खणून ठेवला आहे. ‘तो घरी असू शकतो’ हे आपण मनात मराठीत जुळवितो आणि कागदावर ‘ही कॅन बी ॲट होम’ उतरवितो. एखाद्या माणसाविषयी, आत्ताच्या घटकेविषयी असा अंदाज करताना इंग्रजी माणूस होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ वापरीत नाही. मे, माइट किंवा कुड वापरतो. नकारात मात्र ‘कान्ट’ चालते. हे न्यायाला धरून नाही, पण भाषा न्यायालय नव्हे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मात्र एक सोय आहे. ‘वो घर पर होगा’ यातील ‘होगा’ दिसायला भविष्यकाळ, अर्थाने आत्ताचा अंदाज. मराठीतील ‘असेल’ही तसाच. इंग्रजीतील ‘विल’ कधी कधी हेच काम करते. पोस्टमनच्या वेळेला दार वाजले की ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतात.

आता पुन्हा त्या पत्राकडे वळू. त्या मुलाने ‘हॅव’ हा शब्द सोडून दिला आणि सारा घोटाळा तिथे झाला. ‘मस्ट लीव्ह’ म्हणजे गेलेच पाहिजे. ‘मस्ट हॅव लेफ्ट’ म्हणजे गेला असला पाहिजे. घडून गेलेल्या गोष्टीचा तर्क करायचा तर मस्टपुढे ‘हॅव’ आणि मग क्रियापदाचे तिसरे रूप. कर्ता ‘ही’ असो वा ‘शी’, तिथे ‘हॅज’ येत नाही, ‘हॅड’ही येत नाही. ‘शुड हॅव लेफ्ट’ मात्र जपून वाचा. त्याचा अर्थ बहुधा ‘जायला हवे होते, पण गेला नाही’ असा निघतो.

मी खालांना हे सारे सोपे करून सांगितले. नोकरी गेलेली नाही, मुलगा इतरांबरोबर दम्मामला गेला असणार, पत्रांना उशीर झाला असेल. त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारले, ‘मास्तर, म्हणजे गेला की नाही गेला?’

इतका अचूक प्रश्न मला वर्गात कोणी विचारलेला नाही. कारण कंपनीच्या कारकुनाला खरोखर माहीत असते तर त्याने ‘ही हॅज लेफ्ट’ असे सरळ लिहिले असते. ‘मस्ट’ ऐकायला मोठा जोरदार शब्द आहे. पण ज्याला ठाऊक आहे त्याला त्याची गरज पडत नाही. चपला दिसल्या म्हणून आपण ‘असले पाहिजेत’ म्हणतो. माणूस समोर बसलेला दिसला की नुसते ‘आहेत’ म्हणतो. म्हणून कोणताही इंग्रजी कागद हाती आला, मग तो नोकरीचा असो, बँकेचा असो वा दवाखान्याचा, तर लिहिणाऱ्याने ‘इज’ लिहिले आहे की ‘मस्ट बी’, की ‘मे बी’, हे मुलांनी घरच्यांना वेगवेगळे करून सांगावे. ‘इट मे बी सीरियस’ याचे ‘आजार गंभीर आहे’ असे भाषांतर करून आजीला घाबरवू नये. ‘काही नाही हो’ असे म्हणून उडवूनही लावू नये.

पालकांना इंग्रजी येत नसले तरी त्यांना एक करता येईल. मुलाने अर्थ सांगितला की खालांचाच प्रश्न विचारावा : हे त्यांना माहीत आहे, की त्यांचा अंदाज आहे? मुलाला पुन्हा कागदाकडे पाहावे लागेल.

खालांच्या प्रश्नाला त्या संध्याकाळी माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘गेला असणार’ एवढेच मी पुन्हा म्हणालो. तीन आठवड्यांनी मुलाचे पत्र आले. तो खुशाल होता, पगारही चालू होता. पत्र मात्र जुबैलहून आले होते. दम्मामला तो गेलाच नव्हता.