दिवाळीचा बोनस, ईदचा खर्च

(युवा शिबिरातील भाषण, ऑक्टोबर 2025)



मी काही अर्थतज्ज्ञ नाही. सोलापुरात एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. दिवाळीआधी बोनसची यादी मीच करते. त्यामुळे खात्यात पडलेले पैसे चार दिवसांत कुठे जातात, तेही कानावर येतं.

बोनस ही मालकाने दिलेली बक्षिसी नाही, हे आधी डोक्यात ठेवा. 1924 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी मोठा संप केला होता. पुढे 1965 मध्ये कायदा आला. कायदा लागू असलेल्या ठिकाणी महिन्याचा पगार सरकारने ठरवलेल्या मर्यादेत असेल आणि वर्षात किमान 30 दिवस काम केलं असेल, तर कमीत कमी 8.33 टक्के बोनस हा हक्क आहे. 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, तुमच्याच घामाचा तेरावा पगार म्हणा ना. मात्र तो पूर्ण पगारावर काढतातच असं नाही, हिशेबाला मर्यादा असते. स्लिप नीट वाचा.

आता माझं सांगते. पहिला बोनस मिळाला नऊ हजार. तो भाईच्या बाइकच्या डाउन पेमेंटला गेला. मला कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. अम्मी एवढंच म्हणाली, "भाई है तेरा." जानेवारीत एम.कॉम.ची परीक्षा फी भरायची होती, तेव्हा हात रिकामा. माझं वर्ष गेलं. भाई वाईट नाही हो, पण वर्ष गेलं ते गेलंच.

आपली आणखी एक अडचण आहे. बोनस येतो दिवाळीला आणि आपला मोठा खर्च निघतो रमजान-ईदला. मधे काही महिने जातात. ऑक्टोबरच्या सेलमध्ये पैसे संपतात आणि ईदचे कपडे उधारीवर येतात. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, तिची तारीख बघूनच पैसे बाजूला काढावे लागतात.

पण त्याआधी कर्ज. क्रेडिट कार्डावर महिना 3.5 टक्के व्याज लागलं, तर वर्षाला 42 टक्के होतात. अशी थकबाकी असताना नवा फोन घेणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. माझा एक सहकारी व्याज हराम म्हणून बँकेत ठेव ठेवत नाही आणि फोनच्या हप्त्यावर मात्र निमूट व्याज भरतो! त्याला हे मी तोंडावर सांगितलंय, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या वर्षी बोनस जमा झाला त्याच संध्याकाळी मी अम्मीसोबत वही घेऊन बसले. अम्मीने आयुष्यभर विड्या वळल्या, तिला हिशेब शिकवावा लागत नाही. तिने आधी बचत गटाची बाकी लिहिली. मग मी माझी फी लिहिली, मोठ्या अक्षरात. मग ईद. उरले सोळाशे. त्यातले पाचशे आम्ही दोघींनी खाण्यापिण्यावर उडवले, तेही लिहून ठेवलं.

भाईला बाइकचे टायर बदलायचे होते. मी नाही म्हटलं. अम्मी या वेळी काही बोलली नाही. भाई आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी पेट्रोलला दोनशे मागायला आला.

दिले.