दावणीच्या गाई आणि माळावरचे लांडगे

चांदूर बाजार तालुक्यात शिरजगाव, करजगावकडे सकाळी दूध काढायच्या वेळी गेलात, तर गावरान गाय आणि संकरित जर्सी एकाच कोठ्यात बांधलेल्या दिसतील. गावरान गाईचं वशिंड उठून दिसतं, गळ्याखाली पोळी लोंबते. संकरित गाईला वशिंड असलंच तर जेमतेम.

या दोघींची घराणी फार दूरची आहेत. वशिंडाची गाय सिंधूच्या खोऱ्याकडे सुमारे 8,000 वर्षांपूर्वी माणसाळली. बिनवशिंडाची त्याही आधी, पश्चिम आशियात. दोघींचे रानटी पूर्वज तर काही लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. तरीही दोघींची गुणसूत्रं 60, आणि त्यांच्या संकरातून झालेली कालवड पुढे गाभण राहते. खेचराचं तसं नाही. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराच्या वाट्याला येतात 63. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून खेचर जवळजवळ नेहमीच वांझ. खेचर पाहून आपण ठरवून टाकलं, की संकर म्हणजे वंशाचा शेवट. पण सस्तन प्राण्यांचा इतिहास वेगळंच सांगतो.

पश्चिम आशियातल्या प्राचीन गुरांच्या हाडांतला डीएनए तपासणारं एक संशोधन 2019 साली प्रसिद्ध झालं. सुमारे 4,200 वर्षांपूर्वी तिथल्या कळपांत आपल्या बाजूच्या वशिंडाच्या गुरांचा अंश झपाट्याने वाढला. आईकडून उतरणारा डीएनए मात्र बराचसा तिथल्याच गाईंचा राहिला. म्हणजे मुख्यतः वळू गेले. तो काळ दीर्घ दुष्काळाचा. ऊन आणि पाण्याची ओढ सोसणारे वळू लोकांनी जाणून-बुजून आणले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला तो लगेच पटेल.

उत्क्रांतीत संकराचं मोल इथे कळतं. नवा गुण आपल्याच वंशात घडायचा तर असंख्य पिढ्या जातात. दुसऱ्या वंशात तो तयार असेल, तर संकरातून आयता मिळतो, आणि उपयोगी पडला तर टिकतो. तिबेटच्या कुत्र्यांना विरळ हवेत तगण्याचा गुण तिथल्या लांडग्यांकडून मिळाला. तिबेटी माणसांना तसाच गुण डेनिसोव्हन या लुप्त मानवांकडून आला. आपल्या स्वतःच्या डीएनएतही साधारण दोन टक्के अंश निअँडरथल मानवाचा आहे.

पण संख्या विषम असली की हाच संकर घातक ठरतो. पुण्याजवळच्या माळरानांवर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले. 'द ग्रासलँड्स ट्रस्ट'च्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवलं, नमुने तपासले गेले, आणि ते लांडगा-कुत्रा संकर असल्याचं 2023 साली प्रसिद्ध झालं. भारतीय लांडगा ही लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक. देशात त्यांची संख्या सुमारे तीन हजार, आणि मोकाट कुत्री कोट्यवधी! जोडीदार मिळेना, तर एकटा लांडगा कुत्र्यांकडे वळतो. असं होत राहिलं, तर लांडग्याचा वंश कुत्र्यांत विरून जाईल.

हे थांबवणं आपल्या हातात आहे. कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पाखरं आणि खाटकाकडचा टाकाऊ माल माळावर उघडा टाकला, की कुत्र्यांची झुंड तिथेच ठाण मांडते. हे सगळं खड्ड्यात पुरून टाकावं. गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ग्रामसभेत विषय म्हणून घ्यावं, आणि गावाची गायरानं मोडू नयेत.