क्रॉनचा पहारा



सर्व्हरला द्यावयाच्या एका आज्ञेवर व्याख्यान कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. आज्ञा एका ओळीची आहे, हे खरे. परंतु ती अर्धवट दिल्यामुळे आम्ही दोन महिन्यांचे हिशेब गमावून बसलो, म्हणून आज बोलावयाचे.

युनिक्स आणि लिनक्सच्या सर्व्हरवर क्रॉन नावाचा एक सेवक असतो. पडद्यामागे राहून अखंड चालणाऱ्या अशा प्रोग्रामला डीमन म्हणतात. बेल लॅबोरेटरीजच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली, क्रॉन होता. पुढे १९८७ साली पॉल विक्सी यांनी स्वतःचा क्रॉन लिहिला. हा सेवक दर मिनिटाला जागा होतो आणि क्रॉनटॅब नावाच्या यादीतील मिनिट, तास, तारीख, महिना व वार ही पाच घरे घड्याळाशी ताडून पाहतो. जुळली की नेमलेले काम सुरू करतो. ३०, २ आणि पुढे तीन तारका लिहिल्या, की ते काम रोज रात्री अडीच वाजता होते.

आम्ही हिशेबांची नक्कल काढण्याचे काम याच वेळेला लावले. काही लिनक्सवर क्रॉन बसवला तरी तो आपण होऊन सुरू होत नाही. आमचे यंत्र त्यांतलेच. आम्ही तो सुरू केला, सकाळी नक्कल पाहिली आणि निश्चिंत झालो. पुढे एकदा वीज गेली. वीज आल्यावर सर्व्हर उठला. क्रॉन मात्र उठला नाही. तक्रार करणार कोण? जो ओरडावयाचा तोच झोपलेला! दोन महिन्यांनी डिस्क निकामी झाली. पाहतो तो शेवटची नक्कल वीज जाण्याच्या आदल्या रात्रीची.

चूक आमचीच होती. आज बहुतेक लिनक्सवर सेवांचा कारभार सिस्टिमडीकडे असतो. तिथे ‘स्टार्ट’ ही आज्ञा सेवा आत्ता सुरू करते. ‘एनेबल’ ही आज्ञा यंत्र पुन्हा उठेल तेव्हाची सोय करते. पहिली दिली म्हणून दुसरी झाली असे होत नाही. ‘एनेबल’ला ‘नाऊ’ जोडले म्हणजे दोन्ही साधतात. डेबियनवर या सेवेचे नाव क्रॉन, रेड हॅटवर क्रॉनडी, एवढे ध्यानात ठेवावे. यांत नवे काही नाही. सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकातही, यंत्र उठताना वाचल्या जाणाऱ्या आरसी फाइलीतूनच क्रॉन सुरू करावा, आणि तो एकदाच करावा, असा सल्ला होता.

आणखी एक गोष्ट. क्रॉन झोपला असताना हुकलेली कामे तो जागा झाल्यावर भरून काढीत नाही. तेव्हा सेवा सुरू केलीत की सर्व्हर एकदा मुद्दाम बंद करून उठवा आणि क्रॉन जागा आहे की नाही ते डोळ्यांनी पाहा. आम्ही हे दोन महिन्यांची किंमत देऊन शिकलो. आपण पाच मिनिटांत शिकावे, एवढीच विनंती.