अरुंधती दिसली का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकले-माकले तर पदरात घ्या. "तुमच्या छंदाविषयी बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी गडबडले. विणकाम नाही, भरतकाम नाही. मला रात्री गच्चीवर जाऊन तारे पाहण्याचा नाद आहे. तो कसा लागला तेच सांगते.

माझे लग्न २००१ साली झाले. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी मांडवाबाहेर नेऊन आकाशाकडे बोट केले आणि विचारले, "अरुंधती दिसली का?" डोक्यावर ऊन रणरणत होते. मी मान खाली घालून म्हटले, "दिसली." तुमच्यापैकी कितीजणींनी असेच उत्तर दिले, ते मी विचारीत नाही!

२००७ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे रात्री भारनियमन असे. दिवे गेले की सासूबाई आणि मी गच्चीवर चटई टाकीत असू. सासूबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण आकाश त्यांच्या ओळखीचे. सप्तर्षी दाखवून त्या म्हणत, "हे चार तारे म्हणजे म्हातारीचे खाटले, अन् मागचे तीन ते चोर." मधला चोर म्हणजे वसिष्ठ. एके रात्री त्याला खेटून एक बारीकसा तारा मला दिसला. तीच अरुंधती! लग्नात सांगितलेले खोटे सहा वर्षांनी खरे झाले. मी आनंदाने सासूबाईंना दाखवू लागले, तर त्या गप्पच झाल्या. "मला नाही ग दिसत," एवढेच म्हणाल्या.

अरुंधती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातो, अशी जुनी समजूत आहे. त्या रात्रीपासून सासूबाईंचे जेवण तुटले. आपल्या पाटल्या कोणाला द्यायच्या, तेही त्यांनी सांगून टाकले. मी ह्यांच्या मागे लागून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या गुढीपाडव्याच्या रात्री आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो. सासूबाई बराच वेळ वर पाहत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "आहे ग बाई, चोराच्या खांद्यावर बसली आहे!" सहा महिने तर केव्हाच उलटले होते. त्यानंतर त्या नऊ वर्षे आमच्यात होत्या.

पुढे मुलीच्या पुस्तकांतून आणखी कळले. अरुंधती आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे त्या रात्री पाहिलेला उजेड सासूबाईंच्या जन्माआधीच तिथून निघाला होता! दुर्बिणीतून पाहिले तर खुद्द वसिष्ठही एक नसून दोन तारे दिसतात. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी लोकांचीच संस्था आहे. तेव्हा हे काम फक्त पंडितांचे, असे समजू नका.

सुरुवातीला दुर्बिणीची गरज नाही. वैशाखात, चांदणे नसताना, रात्री साडेआठ-नऊला उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा. जवळचा दिवा मालवा आणि डोळ्यांना वीस मिनिटे अंधाराची सवय होऊ द्या. सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. एका महिन्यात एक तारा ओळखला, तरी वर्षाला बारा होतात. त्याला ना वर्गणी, ना भिशी!

आणि जाताना घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्या. त्यांना विचारा, "अरुंधती दिसली का?" नाही म्हणाल्या तर घाबरू नका, त्यांचे डोळे तपासून घ्या.