ट्यूबवरची बारीक अक्षरे

(वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



आधी माझीच चूक सांगते. बाळंतपणानंतर माझ्या गालांवर वांग आले. एम.एस.डब्ल्यू. झालेली, वस्तीत आरोग्यावर बोलणारी मी. तरी शेजारणीचे ऐकून दुकानातून एक ट्यूब आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. चेहरा उजळला म्हणून लावतच राहिले. काही महिन्यांनी बंद केली, तर तोंड लालबुंद. गॅससमोर उभे राहवेना.

डॉक्टरबाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला लावली : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाचे रूप. मुरुमांवर, वांगावर उपयोगी औषध. पण मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते फार दिवस लावले तर कातडी पातळ होते, तोंडावर लव वाढते आणि सोडले की आग होते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ मध्ये झाला. तरी माझ्यासारख्या कितीजणींनी ती ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून लावली!

डॉक्टरांनी नुसते ट्रेटिनॉइन दिले असेल, तर ते रात्री, कोरड्या चेहऱ्यावर लावावे. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे पुरे. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनच रात्री. डोळे, ओठ, नाकपुड्यांचे कोपरे सोडावेत. कातडी थोडी सोलवटते. वरून साधे ओलावा देणारे क्रीम लावावे. गुण यायला दोन-तीन महिने लागतात; जास्त थापल्याने लवकर येत नाही, आगच वाढते.

दिवसा ऊन टाळायचे असते. पण शेतात, बांधकामावर राबणाऱ्या बाईने ते कसे टाळायचे? तिने आपले काम डॉक्टरांना आधीच सांगावे. सनस्क्रीन, पदर, टोपी यांचा विचार करूनच औषध ठरावे.

दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल, तर हे मलम लावू नये. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या याच कुळातल्या. त्यांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकते. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही निदान एक महिना दिवस राहू देऊ नयेत. लग्न ठरलेल्या मुलीला हे कुणी सांगते का?

वांग हा गुन्हा नव्हे, सावळेपणा हा आजार नव्हे. तरी मुलगी ‘दाखवायची’ ठरली की घरात ट्यूब येते. म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली ट्यूब आणावी. चष्मा मी आणते. अक्षरे मिळून वाचू.